चार ओळींत मावत नाही ती बाई

मैत्रिणींनो, कायद्याच्या कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीची वही एकदा उघडून पाहा. वर खटल्याचं नाव आणि त्याखाली चार मथळे : हकिगत, मुद्दा, निकाल, आधार. प्रत्येकाखाली एखाद-दुसरी ओळ. याला 'केस ब्रीफ' म्हणतात. बहुतेक वेळा ही वही निकालपत्र वाचून भरलेली नसते. गाईडमधून उतरवलेली असते; आता तर मोबाईलवर क्षणात तयार मिळते. परीक्षेला तेवढं पुरतं. मुलगी पास होते, सनद घेते आणि पाच-सहा वर्षांनी पोटगीचा किंवा मारहाणीचा अर्ज घेऊन आलेल्या एखाद्या बाईच्या शेजारी वकील म्हणून उभी राहते.

आपलं भांडण या वहीशी आहे. ब्रीफ या गोष्टीशी मुळीच नाही. शंभर पानांचा निकाल दोन पानांत नेमका मांडता येणं हे मोठं हत्यार आहे आणि ते आपल्या मुलींच्या हातात यायलाच हवं. पण थोडक्यात लिहायचं म्हणजे काहीतरी गाळायचं. काय गाळायचं, ते कोण ठरवतं, हा प्रश्न वर्गात कधी विचारलाच जात नाही. आणि न विचारता गाळलं, की सगळ्यात आधी बाई गळते. म्हणून माझं म्हणणं असं की पदवीच्या वर्गात खटले कसे वाचायला शिकवतात, हा फक्त प्राध्यापकांचा आणि अभ्यासमंडळांचा मामला नाही. तो स्त्री-चळवळीचा मामला आहे.

मथुरा खटला : तीन न्यायालयं, तीन हकिगती

आपल्या चळवळीचा एक मोठा अध्याय ज्या निकालानं उघडला, तोच आधी घेऊ. गाईडमध्ये तो असा येतो. हकिगत : पोलीस ठाण्यात बलात्कार झाल्याचा आरोप. मुद्दा : संमती होती का? निकाल : आरोपी निर्दोष. आधार : अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा सिद्ध नाही. शेवटी एक पुरवणी ओळ : पुढे १९८३ साली कायदा बदलला.

या ओळींतलं काहीही खोटं नाही. पण त्या पाठ केलेल्या विद्यार्थिनीला खटला कळला, असं कोण म्हणेल?

आता निकालपत्र हातात घ्या. पहिली गोष्ट नावाची. खटल्याचं नाव आहे 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. नावात मथुरा नाही. फौजदारी खटल्यात एका बाजूला सरकार असतं, दुसऱ्या बाजूला आरोपी. आणि सर्वोच्च न्यायालयात अपील घेऊन आले होते ते शिक्षा झालेले पोलीस. जिच्यावर गुदरलं ती पक्षकार नाही, साक्षीदार आहे. हे एवढं वाचायला शिकलं, तरी आपल्या केंद्रात बायका रोज विचारतात त्या प्रश्नाचं उत्तर देता येतं : 'केस माझी, मग मला विचारत का नाहीत?'

दुसरी गोष्ट, निकाल कोणत्या वाटेनं आला त्याची. घटना २६ मार्च १९७२ च्या रात्रीची, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातली. तेव्हा ते गाव चंद्रपूर जिल्ह्यात होतं. १ जून १९७४ ला सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. मथुरा खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधांची सवय आहे, असं त्या न्यायालयाला वाटलं. १२ ऑक्टोबर १९७६ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं हा निकाल फिरवला. भीतीपोटी मुकाट्यानं सोसणं म्हणजे संमती नव्हे, असं स्पष्ट सांगून गणपतला पाच वर्षांची आणि तुकारामला एक वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. पुरावा तोच, साक्षी त्याच, मुलगी तीच. मग निकाल तीन तऱ्हेचे कसे? गाईडमध्ये शेवटचा निकाल तेवढा राहतो आणि नागपूरच्या न्यायमूर्तींनी केलेला विचार पुसला जातो. विद्यार्थिनीला वाटतं, कायदाच तसा होता, न्यायालय तरी काय करणार! कायदा तोच असताना दुसऱ्या एका न्यायालयानं वेगळा निर्णय दिला होता, हे तिला कळतच नाही.

तिसरी गोष्ट हकिगतीची. मथुरा आदिवासी, पोरकी, भावाबरोबर मजुरी करून राहणारी. डॉक्टरांच्या अंदाजानं वय चौदा ते सोळा. तेव्हाच्या कायद्यात सोळाच्या आतल्या मुलीच्या संमतीला काही अर्थच नव्हता. पण वय सोळाच्या आत असल्याचा पुरावा सत्र न्यायालयाला समाधानकारक वाटला नाही. रात्री साडेदहाच्या सुमाराला जबाब आटोपून सगळे घरी निघाले, तेव्हा तिला एकटीला थांबवून घेणारा वर्दीतला शिपाई होता. या गोष्टी 'हकिगत' या मथळ्याखाली लिहायच्या की नाही? ठाणं, रात्र, वर्दी आणि वय गाळलं तर उरतं काय? एक पुरुष, एक बाई आणि जखमा नाहीत. हकिगत अशी लिहिली की निकाल लिहून झालाच म्हणून समजा.

१९७९ च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांनी काय केलं? निकालपत्र ओळीओळीनं वाचलं. नमतं घेणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हे दाखवलं. मुलीचं वय, तिची गरिबी, पोलिसांची दहशत यांचा विचार निकालात कुठे आहे, असं विचारलं. तिला ठाण्यात अडकवून ठेवल्याबद्दल न्यायालयानं पोलिसांना एका शब्दानंही दोष का दिला नाही, असं विचारलं. आणि ज्या १९७८ साली हा निकाल आला, त्याच साली नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात बायकांना ठाण्यात बोलावण्याबद्दल याच न्यायालयानं नापसंती दाखवली होती, याची आठवण करून दिली. मी तर म्हणते, या देशात लिहिलं गेलेलं सगळ्यात परिणामकारक केस ब्रीफ म्हणजे ते पत्र. त्यानंतर १९८० साली बायका रस्त्यावर आल्या, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. फेरविचार अर्ज फेटाळला गेला, तरी १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, जास्त कडक शिक्षा आली. अशा खटल्यात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं 'माझी संमती नव्हती' असं कोर्टात सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयानं धरून चालायचं, असं पुरावा कायद्यात आलं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, कलमांचे आकडे बदलले, तरी हे तत्त्व टिकून आहे. वर्गात मात्र हे पत्र 'अवांतर वाचन' असतं.

विशाखाच्या निकालात भंवरीदेवी कुठे आहे?

दुसरं उदाहरण विशाखाचं. १३ ऑगस्ट १९९७ चा हा निकाल आपल्या प्रत्येक प्रशिक्षणात येतो. 'भंवरीदेवीला या निकालानं न्याय मिळाला', असं वाक्य उत्तरपत्रिकांत आणि भाषणांतही सर्रास ऐकू येतं.

निकालपत्र उघडून पाहा. त्यात भंवरीदेवीचं नावसुद्धा नाही. राजस्थानातल्या एका समाजसेविकेवर झालेल्या अत्याचाराचा ओझरता उल्लेख आहे आणि त्याचा फौजदारी खटला वेगळा चालू असल्यानं इथे जास्त बोलायची गरज नाही, असं सांगून न्यायालय पुढे गेलं आहे. तो वेगळा खटला १९९५ सालीच आरोपी निर्दोष सुटून संपला होता आणि त्यावरचं अपील पुढे वर्षानुवर्षं पडून राहिलं. विशाखा ही महिला संघटनांनी केलेली जनहित याचिका होती. तिच्यातून देशभरच्या नोकरदार बायकांना मार्गदर्शक सूत्रं मिळाली, २०१३ साली कायदाही झाला. सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह थांबवायला गेलेल्या बाईला मात्र न्याय मिळाला नाही.

हा फरक किरकोळ आहे का? कोणता अर्ज, कोणत्या न्यायालयात, कोणी, काय मागायला केला, हे ब्रीफमध्ये पहिल्याच ओळीत यायला हवं. ते न शिकल्यामुळे आपण एका बाईच्या पराभवावर दुसऱ्या विजयाचा मुलामा चढवतो. भंवरीदेवीच्या वाट्याला काय आलं, हे विचारायचीही मग कुणाला गरज वाटत नाही.

एका शब्दाची लढाई

तिसरं उदाहरण शाहबानोचं. या निकालाबद्दल प्रत्येकाला मत आहे. वाचलाय किती जणांनी? इंदूरच्या या वृद्ध बाईनं नवऱ्याकडे पोटगी मागितली होती. कनिष्ठ न्यायालयानं महिना २५ रुपये दिले, उच्च न्यायालयानं ते १७९ रुपये २० पैसे केले. एवढ्या रकमेविरुद्ध वकिली करणारा नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८५ साली हरला. निकालाचा आधार होता फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. हे कलम निराधार बायकोसाठी आहे, तिचा धर्म कोणता हे ते पाहत नाही. समान नागरी कायदा हवा होता, ही टिप्पणी न्यायालयानं निकालाच्या शेवटाकडे जाता जाता केली. तिच्यावाचून निकालाचं काही अडलं नसतं. निकालाचा आधार आणि जाता जाता मारलेला शेरा यांत फरक करणं हा केस वाचण्याचा पहिला धडा. देशानं तो धडा घेतला नाही. शेऱ्यावरून दंगा उसळला, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी आपापली पोळी भाजून घेतली आणि पोटगी मागणारी म्हातारी बाजूला पडली.

१९८६ साली मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा आला. पोटगी फक्त इद्दतपुरती, सुमारे तीन महिने, असंच सगळे धरून चालले. पण शाहबानोचे वकील दानियल लतीफी यांनी कायद्याचे शब्द नीट वाचले. नवऱ्यानं वाजवी आणि रास्त तरतूद इद्दतीच्या मुदतीच्या 'आत' करायची, असं त्यात होतं. मुदती'पुरती' करायची, असं नव्हतं. म्हणजे पैसे द्यायची मुदत तीन महिन्यांची, पण तरतूद बाईच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची! काही उच्च न्यायालयांनी हाच अर्थ लावला आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी लतीफींच्याच याचिकेत त्यावर शिक्कामोर्तब केलं. १० जुलै २०२४ ला तर घटस्फोटित मुस्लिम बाईला कलम १२५ चा रस्ताही खुलाच आहे, असं न्यायालयानं सांगितलं. बायकांच्या भाकरीचा प्रश्न एका शब्दाच्या वाचनावर तरला. गाईडमधल्या ओळीत 'आत' आणि 'पुरती' यांतला फरक कधी मावला असता का?

शब्द वाचले नाहीत, तर उलटही होतं. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं कपड्यांवरून केलेला स्पर्श हा बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यातला लैंगिक हल्ला नाही, असं ठरवलं. त्वचेला त्वचा लागली पाहिजे, ही अट कलमात कुठेच नव्हती. ती वाचणाऱ्यानं घातली. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२१ मध्ये हा निकाल रद्द केला. नागपूरच्या न्यायमूर्ती स्त्री होत्या आणि दिल्लीतलं मुख्य निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्तीही स्त्रीच होत्या. न्यायासनावर बाई बसली म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा. वाचायचं कसं, हे बाईलाही शिकावंच लागतं.

आक्षेप आणि उत्तरं

आता आक्षेप. प्राध्यापक म्हणतात, 'अभ्यासक्रम एवढा मोठा, पूर्ण निकाल कधी वाचून घेणार?' मग पन्नास खटल्यांची नावं पाठ करून घेण्याऐवजी सहा खटले पूर्ण वाचून घ्या. सहा नीट वाचलेली मुलगी सातवा स्वतः वाचेल. पन्नास पाठ केलेली एक्कावन्नाव्यापाशी अडेल.

दुसरा आक्षेप भाषेचा. 'आमच्या मुली मराठीतून आलेल्या, त्यांना ती इंग्रजी झेपत नाही.' अडचण खरी आहे. राज्यघटनेच्या कलम ३४८ मुळे वरच्या न्यायालयांचा कारभार इंग्रजीत चालतो. पण म्हणून मुलींना गाईडच्या स्वाधीन करायचं? सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता त्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, काहींचे मराठी अनुवादही मिळतात. अनुवाद समजण्यासाठी आहे, अधिकृत मजकूर इंग्रजीच, हे लक्षात ठेवून दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतं. उलट तालुक्याच्या कोर्टात मराठीतून युक्तिवाद करणाऱ्या मुलीला 'संमती' आणि 'मुकाट्यानं सोसणं' यांतला फरक मराठीत मांडता यायलाच हवा. तिला तो इंग्रजी मुलीपेक्षा जास्त चांगला कळतो.

तिसरा आक्षेप नवा. 'यंत्र सारांश करून देतं, मग वाचायचं कशाला?' २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी असं यंत्र वापरून अस्तित्वातच नसलेले खटले कोर्टात सादर केले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. पण खोटे खटले निदान पकडले तरी जातात. खऱ्या खटल्याचा जो सारांश बाईला गाळून येतो, तो पकडायचा कुणी? ज्यानं मूळ वाचलंय, त्यानंच.

चौथा आक्षेप सगळ्यात प्रतिष्ठित. 'कायदा तटस्थ असतो. कोरडं वाचायला शिकवा, भावना बाहेर ठेवा.' तटस्थपणाचा इतिहासही जरा पाहू. खटल्यांवरून कायदा शिकवण्याची पद्धत १८७० नंतर हार्वर्डमध्ये लँगडेल यांनी रुजवली. त्या लॉ स्कूलनं बायकांना दारात घेतलं ते १९५० साली. आपल्याकडे १९१६ साली रेजिना गुहा यांनी वकिलीची सनद मागितली, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयानं कायद्यातल्या 'व्यक्ती' या शब्दात बाई बसत नाही, असं तटस्थपणेच सांगितलं. त्यासाठी १९२३ साली वेगळा कायदा करावा लागला. मथुरेच्या अंगावर जखमा शोधणं कोरडं आणि तिचं वय, ती रात्र, ती वर्दी मोजणं भावनिक, ही वाटणी कुणी केली? ठाणं आणि वर्दी याही हकिगतीच आहेत. त्या लिहायला सांगणं म्हणजे विद्यार्थिनीला जास्त काटेकोर व्हायला सांगणं आहे.

शेवटचा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा. 'कोर्टातून कुठे मुक्ती येते? आपली जागा रस्त्यावर, वस्तीत.' मुक्ती कोर्टातून येत नाही, हे मान्य. पण वस्तीतली बाई कोर्टात जातेच. तिला तिथे ओढलं जातं : मुलाच्या ताब्यासाठी, घरासाठी, पोटगीसाठी. तिच्या हातात कागद पडतो आणि तो तिला दुसऱ्यानं वाचून दाखवावा लागतो. जो वाचून दाखवतो, तिचं पुढचं पाऊल तोच ठरवतो. १९७९ सालीही रस्ता आणि वाचन वेगळे नव्हते. आधी चौघांनी वाचलं, मग हजारो बायका चालल्या.

मग शिकवायचं कसं?

मागणी नेमकी करू या. पदवीच्या पहिल्या वर्षापासून, कायद्याच्या कॉलेजात आणि समाजकार्य, स्त्री-अभ्यास शिकवणाऱ्या विभागांतही, पूर्ण निकालपत्रावर आधारलेला वाचनवर्ग हवा. आणि ब्रीफमध्ये चार मथळ्यांऐवजी हे प्रश्न हवेत.

वर कोण आलं आणि काय मागायला आलं? खालच्या प्रत्येक न्यायालयानं काय ठरवलं आणि का? न्यायालयानं कोणती हकिगत धरली, कोणती सोडली? कलमाचे नेमके शब्द काय आहेत? निकाल ज्याच्यावाचून उभाच राहिला नसता, तो आधार कोणता, आणि जाता जाता केलेले शेरे कोणते? बाईचं वर्णन कोणत्या शब्दांत केलंय, आणि तेच शब्द पुरुषाबद्दल वापरले असते का? हा निकाल पुढे कुणावर बंधनकारक आहे, नंतर तो फिरवला गेला का? आणि शेवटचा प्रश्न : निकालानंतर त्या बाईच्या हातात काय पडलं?

शिकवताना एक साधी युक्ती करावी. मथुरेच्या प्रकरणात वर्गाला आधी नागपूरचा निकाल काय होता ते द्यावं, ब्रीफ लिहून घ्यावं, आणि मगच दिल्लीचा निकाल द्यावा. 'यात काय गळलं?' हे मुली मग स्वतःच विचारतात. आणि परीक्षेत पाठ केलेली नावं विचारण्यापेक्षा न पाहिलेल्या निकालाची पाच पानं पुढे ठेवून त्याचं ब्रीफ लिहायला सांगावं. गाईडचा धंदा तिथेच बसेल.

विद्यापीठं हे आपणहून करतील, याची वाट पाहू नका. आपल्या प्रत्येक गटाच्या जवळपास एखादं कॉलेज आहे. तिथल्या प्राध्यापिकेला भेटा, महिन्यातून एक शनिवार मागून घ्या. आपल्या केंद्रातल्या कार्यकर्त्या आणि त्या मुली एकत्र बसून एक निकाल मोठ्यानं वाचू देत. कलम मुली सांगतील; ठाण्यात रात्री साडेदहाला एकट्या मुलीला थांबवणं म्हणजे काय, हे आपल्या बायका सांगतील. दोघींची मिळून जी हकिगत होईल, ती लिहून काढा. सुरुवात मथुरेच्या निकालापासूनच करा, आणि त्या ब्रीफची पहिली ओळ तिच्या नावानं लिहा.